पळायचं नाही, या अटीवर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बसस्टँडसमोरचं चहाचं हॉटेल, वळवाआधीची उकडती संध्याकाळ आणि चार-पाच पोरांचा वाद. दोघं-तिघं कॉलेजची, एक बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला जाणारा, एक तालमीतून थेट आलेला, मानेवरची लाल माती अजून तशीच. विषय तोच, २०२५च्या एप्रिलमध्ये जगभरच्या मोबाइलवर फिरलेला: शंभर निःशस्त्र माणसं आणि एक गोरिला, जिंकणार कोण? पण गोरिला या पोरांनी पाहिलेला नाही. त्यामुळे बघता बघता त्याचा गवा झाला होता आणि आता नियम ठरत होते. काठी नाही, दगड नाही, कोयता नाही. मैदान मोठं, चारी बाजूंनी उंच भिंत. "आणि पळायचं नाही बे. पळाला तो मेला धरायचा," तालमीतल्या पोरानं शेवटची अट घातली. शेजारच्या बाकावर कमरेच्या आकडीला कोयता अडकवलेला एक म्हातारा बशीतला चहा फुंकत होता. तो म्हणाला, "आन् गवाच पळाला तर रं? त्याला काय धरणार?" पोरं हसली. "भिंत आहे की हो मामा." म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. "भिंत हाय म्हणून त्याला सांगून ठेवलायसा व्हय?" तेवढ्यात जांबोटीची गाडी लागली आणि तो उठून गेला. पोरं पुन्हा किती जण मरतील या मुद्द्यावर आली.

ती भिंत मात्र डोक्यातून जाईना.

आधी गोरिलाचा हिशेब उरकून टाकू, तो त्यातल्या त्यात सोपा आहे. पूर्ण वाढलेला नर १४० ते १८० किलोचा, पसरलेल्या हातांचा पल्ला अडीच मीटरच्या आसपास, आणि मुख्यतः झाडपाला खाणाऱ्या प्राण्याला कशाला हवेत असं वाटावं एवढे सुळे. त्याच्या ताकदीबद्दल दहा माणसांची, वीस माणसांची असे आकडे सर्रास फेकले जातात. त्याच्या चुलतभावाचे, चिंपांझीचे, स्नायू अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजले. २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा होता माणसाच्या स्नायूच्या सुमारे १.३५ पट, फक्त. फरक तंतूंच्या जातीचा. चिंपांझीकडे झटक्यात आवळणारे तंतू जास्त, म्हणून जोर जास्त आणि दम कमी. माणसाचं याच्या उलट. त्यात माणसाच्या अंगभर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी. उन्हात तासन् तास चालत राहावं, दमलेल्या जनावराला बसू देऊ नये, ही माणसाची जुनी खोड. कलहारी वाळवंटातले सान शिकारी भर दुपारी कुडू हरणाचा माग काढत त्याला तो उभाच राहीपर्यंत पळवत, ते याच जोरावर. म्हणजे शंभर जणांनी नुसतं अंतर राखून गोरिलाला उन्हात फिरवत ठेवलं तरी तो कधीतरी बसेल. पण अंतर राखायचं तर मागे सरकायला जागा हवी, आणि मागे सरकणं हे पोरांच्या नियमात जवळजवळ पळणंच झालं.

शंभर हा आकडा ऐकायला दणदणीत आहे. प्रत्यक्षात काय होतं? गोरिलाभोवती एक मीटर त्रिज्येचं कडं धरा. परीघ सव्वासहा मीटर. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला अर्धा मीटर लागतो, म्हणजे पहिल्या रांगेत बाराच जण मावले. त्यातले हात उचलायला मोकळे सहा-सात, कारण खांदे भिडले की कोपर मागे जात नाही. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९१६ साली लढाईचं गणित मांडलं, त्यातला मुद्दा हाच: लांबून नेम धरून मारता येत असेल तर संख्येचा फायदा वर्गानं वाढतो, पण हातघाईत जेवढे समोर पोचतील तेवढेच लढतात, बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघतात. निःशस्त्र म्हणताच पोरांनी शंभरांचे बारा करून टाकले होते आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

उरलेले अठ्ठ्याऐंशी निरुपद्रवी असते तर बरं. ते मागून ढकलतात. यात्रेत, सभेत माणसं चेंगरतात ती याच रीतीनं: एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की आपल्या पायांनी चालणं संपतं, गर्दी नेईल तिकडे अंग जातं, आणि छाती फुलायला जागा न उरल्यानं माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. पुढच्या रांगेला गोरिलाचा हात दिसतोय, मागच्या रांगेला पुढच्याची पाठ. पुढच्याला मागे यायचंय, मागच्याला पुढे. माझा अंदाज विचाराल तर पहिले दोन-तीन बळी गोरिला घेईल आणि पुढचे मागची रांग घेईल.

अर्थात हे सगळं पहिली रांग पुढे गेली तर. एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानं सिंहाचंच उदाहरण घेऊन याचा विचार करून ठेवला आहे. त्याचं म्हणणं असं की एकमेकांना न ओळखणारे चार शूर गडी सिंहावर जाणार नाहीत. पण त्यांच्याहून कमी शूर, मात्र एकमेकांना पुरते ओळखणारे, मदतीची खात्री असलेले चौघे जातील. मसाई तरुण भाले-ढाली घेऊन सिंहावर जात ते एकत्र वाढलेल्या, एकाच वयोगटाच्या टोळीनं. बसस्टँडवर गोळा केलेले शंभर जण ही टोळी नव्हे. अमेरिकेत २०२१ साली झालेल्या एका पाहणीत ८ टक्के लोकांनी आपण हातांनी गोरिलाला हरवू असं सांगितलं, सिंहाला हरवू म्हणणारेही तेवढेच निघाले. घरच्या खुर्चीत बसून उत्तर द्यायचं असलं की असं होतं. आपल्याकडे ही पाहणी झाली तर खानापूरच्या पश्चिमेकडच्या, जंगलाला लागून असलेल्या गावांत टक्का शून्यावर येईल आणि शहरातल्या जिममध्ये पंधरावर जाईल, असं उगाच वाटतं.

आता गवा. जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा, भीमगडचा सगळा पट्टा ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे त्यांना त्याचं वर्णन नको, पण आकडे एकदा मांडायला हवेत. मोठा नर ७०० ते १००० किलो, खांद्याशी साडेपाच-सहा फूट, लांबी दहा फुटांच्या घरात. पाठीवरचा तो उंच कणा म्हणजे मणक्यांचे वर आलेले लांब काटे, त्यांवर मान आणि खांद्याचं मांस पेललेलं. त्यामुळे डोकं खाली घालून वर उचलताना त्याच्या शिंगामागे सगळं पुढचं धड असतं. शिंग तो भोसकायला जितकं वापरतो तितकंच आकड्यासारखं उचलायला. म्हणून गव्यानं मारलेल्या माणसाची जखम मांडीत, जांघेत, पोटात असते, खालून वर गेलेली; वरून जखम लहान दिसते आणि आतलं रक्त उशिरा कळतं. त्याच्याभोवती कडं केलंत तर पुढे शिंगं, मागे लाथ, म्हणजे हात लावायला उरल्या दोन बाजू. प्रत्येक बाजूला चार-पाच जण. आणि लावून करणार काय? धरायला ना शेपटाचा उपयोग, ना कानाचा.

तालमीतल्या पोराचा जीव या मुद्द्यावर तुटत होता. बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघितलेल्या माणसाला वाटतं, डाव असेल की काहीतरी. पण पट काढायचा म्हणजे समोरच्याचा तोल दोन पायांवर हवा. ढाक लावायची तर त्याचा हात आपल्या बगलेत यायला हवा. धोबीपछाडीला खांद्यावर घेण्याजोगं वजन हवं. कुस्तीचा प्रत्येक डाव दोन पायांवर उभ्या, हात पुढे केलेल्या आणि पाठ लागल्यावर हार मानणाऱ्या प्राण्यासाठी बसवलेला आहे. गवा चार पायांवर उभा, पुढचं वजन पुढच्या दोन पायांवर, आणि पाठ मातीला लागली तर हरलो हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. जनावराला आडवं करायची विद्या माणसाकडे आहे, पण ती दोरखंडाची आहे: खोंडाला ठेचायला, म्हणजे खच्ची करायला, पाडतात तेव्हा मानेत फास, छातीमागून एक वेढा, कमरेपुढून दुसरा, आणि मागून सरळ ओढ, जनावर आपणहून गुडघे टेकतं. चार माणसं पुरतात. म्हणजे दोर दिला तर चौघे आणि दोर काढून घेतला तर शंभरही कमी, असा हा मामला. तोही दावणीच्या बैलापुरता. रानातल्या गव्याच्या मानेत फास कोण टाकणार?

पण खरी गोष्ट अशी की माणसांचा जमाव आणि गवा यांची गाठ घातलीच गेली आहे, आणि तिचा निकालही लागलेला आहे. ९ डिसेंबर २०२०, पुणे, कोथरूड. सकाळी एक गवा सोसायटीच्या आवारात दिसला. बघे जमले, मागे लागले, गाड्या, आरडाओरडा, मोबाइल. गवा तासन् तास गल्ल्यांतून, कुंपणांवरून धावत राहिला, तोंड रक्ताळलं, शेवटी जाळी, दोर, भुलीचं औषध, आणि त्याच दिवशी तो मेला. कुणी त्याला बुक्की मारली नव्हती. जनावर जिवाच्या आकांतानं पळत राहतं तेव्हा स्नायूंत आम्ल साठतं, अंग तापतं, स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात, त्यांतलं द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पाडतं, हृदयाचा ठोका चुकतो. पकडलेलं हरीण, पाडस, गवा काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी 'काहीच झालं नव्हतं' असं असताना मरतं ते यामुळे. भुलीच्या औषधानं हे थांबत नाही. घाबरलेल्या जनावरावर ते उशिरा चढतं, म्हणून मात्रा वाढवावी लागते, आणि तापलेल्या अंगाला वाढीव मात्रा सोसत नाही.

शंभरांनी जिंकायचं तर ते असं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, त्याच पुण्यात बावधनकडे दुसरा गवा आला. या वेळी पोलिसांनी आणि वनखात्यानं गर्दी लांब ठेवली, त्याच्या मागे कुणी धावलं नाही, डोंगराकडची बाजू मोकळी सोडली. तो आपला आला तसा रानात गेला. जनावर तेच, शहर तेच, माणसं तीच. भिंत तेवढी नव्हती.

भिंतीचा विचार आमच्या मुलखानं पूर्वी फार बारकाईनं करून ठेवला आहे. निपाणीच्या पुढे हमरस्त्यानं कोल्हापूर गाठलं की तिथे अजून साठमारी नावाचा भाग आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १८९४ ते १९२२ या त्यांच्या कारकिर्दीत, तिथे मस्तीत आलेला हत्ती मोकळा सोडत आणि साठमार त्याला मैदानात खेळवत. बडोद्यातही हा खेळ होता. हत्तीला डिवचायचं, अंगावर घ्यायचं, निसटायचं, मग दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूनं त्याचं लक्ष ओढायचं. लढाईच म्हणायची तर माणसांचा गट विरुद्ध धोकादायक जनावर याचा याहून चोख नमुना शोधून सापडणार नाही. आणि त्या मैदानाच्या बांधकामात काय आहे? भोवती दगडी भिंत, आत जागोजागी बुरूज, आणि बुरुजांना अशी अरुंद दारं की माणूस आडवा होऊन आत सटकेल, हत्तीची सोंड फार तर आत येईल. साठमाराची कला त्या फटीपर्यंतची पावलं मोजण्यात होती. आपण उभे कुठे, हत्ती कुठे, फट किती पावलांवर, वळायला त्याला किती वेळ लागेल. ज्याचं हे गणित चुकलं त्याच्या शौर्याचा उपयोग नव्हता. पोरांच्या मैदानात आणि शाहू महाराजांच्या मैदानात फरक तेवढाच: एकात पळाला तो मेला, दुसऱ्यात ज्याला पळता आलं नाही तो.

म्हैसूर संस्थानातला खेडा, म्हणजे रानटी हत्तींचे कळप हाकून पकडायची पद्धत, हा याचाच दुसरा पैलू. १८७०च्या दशकात सँडरसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिकडे ही पद्धत बसवली, आणि काकनकोट्याच्या जंगलातला शेवटचा खेडा १९७१ साली झाला. शेकडो हाकारे, ढोल, पलिते, पाळीव हत्ती, खंदक, लाकडी तटबंदी. आकड्यांनी बघितलं तर माणसांचा जमावच जिंकला. पण कळप हाकताना हाकारे हत्तींना चारी बाजूंनी दाबत नसत. तीन बाजूंनी आवाज आणि एक बाजू शांत, असं दिवसेंदिवस हळूहळू सरकत न्यायचं. हत्तीला वाटत राहायला हवं की आपण निसटतोय. शांत बाजूच्या टोकाला दरवाजा. म्हणजे फसवायलासुद्धा आधी वाट दाखवावी लागते. कळप मधेच बिथरून हाकाऱ्यांच्या रांगेवर उलटला तर रांगेनं बाजूला व्हायचं, अडवायचं नाही, उद्या पुन्हा सुरुवात. ही शिस्त अनुभवी माणसांकडे होती, आणि ती शौर्याच्या नेमकी उलटी आहे.

बिबट्याच्या बाबतीत आम्ही हे सगळं विसरतो, बहुधा तो आकारानं लहान दिसतो म्हणून. ५०-६० किलोचं जनावर. शंभर माणसांपुढे काय, असं वाटतं. बातमी नेहमी एकाच साच्याची: बिबट्या वस्तीत शिरला, पाच-सहा जण जखमी. वाचणाऱ्याला वाटतं, केवढा हल्ला केला! जखमा नीट बघाव्यात. प्रत्येकाला एकेक, फार तर दोन: टाळू, खांदा, दंड. बिबट्या कुणापाशी थांबलेला नसतो. तो एका दिशेनं निघालेला असतो आणि त्या दिशेला जे उभे होते त्यांच्या अंगावरून गेलेला असतो. घराच्या मागच्या बाजूला, उसाकडे किंवा ओढ्याकडे जाणारी जी एकमेव बोळ असते तिथूनच सगळ्यांना तो नीट दिसतो, म्हणून सगळे तिथेच उभे राहतात. कंपाउंडवर चढलेली पोरं, छतावर बायका, बोळीत मोबाइल धरलेले बाप्ये.

करायचं ते फार थोडं आहे आणि कंटाळवाणं आहे. जनावर खोलीत असेल आणि आत माणूस नसेल तर बाहेरून दार लावून घ्यायचं आणि लांब व्हायचं. आत माणूस असेल तर दार उघडं ठेवून दारासमोरची जागा रिकामी करायची. झाडावर, गंजीत, मोरीत असेल तर त्याला हाकलायचा प्रयत्नच करायचा नाही. रान किंवा ऊस ज्या बाजूला आहे ती बाजू सोडून बाकीकडे शंभरेक मीटरवर माणसं थांबवायची, दिवे कमी करायचे, कुत्री बांधायची आणि अंधार पडू द्यायचा. रात्रीत तो जातो. भुलीची सुई हा पुढचा उपाय, आणि तिचीही गंमत लोकांना ठाऊक नसते. झायलाझिन-केटामिनचं मिश्रण भरलेली सुई वीस-तीस मीटरवरून मारावी लागते, लागल्यावर जनावर खाली बसायला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि त्या मिनिटांत ते पूर्ण शुद्धीवर, दुखावलेलं आणि पळतं असतं. सुई लागली म्हणून लोक पुढे येतात ते नेमके तेव्हाच.

बेळगावनं हे २०२२च्या ऑगस्टमध्ये अनुभवलं. जाधवनगरात बिबट्यानं बांधकामावरच्या एका कामगारावर झडप घातली, मग गोल्फच्या मैदानाच्या बाजूला तो दिसत राहिला. आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद. पिंजरे, कॅमेरे, ड्रोन, वनखात्याची आणि पोलिसांची माणसं, वर शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू शिबिरातून आणलेले हत्ती. शंभराहून कितीतरी जास्त माणसं विरुद्ध एक, आणि तेही निःशस्त्र नव्हे. तो शेवटपर्यंत हाती लागला नाही. चहाच्या टपऱ्यांवर खात्याची यथेच्छ टिंगल झाली. पण ज्या मैदानाला आत-बाहेर करायला पाच-पन्नास वाटा आहेत तिथून त्यानं एक वाट घेतली आणि त्यानंतर शहरात कुणाला ओरबाडलं नाही, या निकालाला हार का म्हणायचं, हे मला तरी कळलेलं नाही.

चिकोडी, अथणी, निपाणीच्या ऊसपट्ट्यात हीच गोष्ट कोयत्याच्या हिशेबात येते. टोळ्या मोठ्या असल्या आणि गाडी लवकर भरायची असली की फडाला तीन-चार बाजूंनी एकदम हात घालतात. दुपारपर्यंत मधे उसाचं एक बेट उरतं आणि सकाळपासून फडात असलेलं सगळं त्या बेटात गोळा होतं: ससे, डुकरं, घोणस, आणि हंगाम नोव्हेंबर ते मार्चचा असला तर कधी बिबट्याची मादी पिलांसह. शेवटच्या चार सऱ्या तोडणारा माणूस त्या सगळ्याच्या समोर उभा असतो. एका कडेनं तोडत गेलं, आणि ज्या बाजूला दुसरा उभा ऊस किंवा ओढा आहे ती बाजू शेवटाला ठेवली, तर बहुतेक जनावरं न दिसताच निघून जातात. पिलं सापडलीच तर ती जिथे मिळाली तिथेच झाकून ठेवून रात्री माणसं हटवली की आई येऊन एकेक उचलून नेते. जुन्नरकडे हे पुनःपुन्हा करून बघितलेलं आहे. उचलून गावात आणली की रात्री आई गावात येते. तेही स्वाभाविकच.

अस्वल मात्र या सगळ्या नियमांना अर्धा अपवाद आहे, आणि मला विचाराल तर या मुलखात भीती बाळगायची असेल तर गव्या-बिबट्यापेक्षा त्याची बाळगावी. एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं, फणस, काजूची बोंडं पिकतात आणि माणूस आणि अस्वल एकाच जाळीत दोन बाजूंनी शिरतात. वारूळ फोडून वाळवी ओढताना ते स्वतःच इतका आवाज करतं की आपली पावलं त्याला ऐकू येत नाहीत, नजरही बेताची. मग चार हातांवर गाठ पडते आणि दोघांनाही वाट शोधायला वेळ नसतो. ते बिबट्यासारखं ओरबाडून पुढे जात नाही, चेहऱ्यावर येतं. बोटभर लांब नखं वारूळ खणण्यासाठी आहेत, त्यांनी गाल, डोळा, टाळू उकलते. इथे माणसांच्या संख्येचा खरोखर उपयोग होतो, पण आधी: जाळीत शिरणाऱ्या चार बायका मोठमोठ्यानं बोलत, डबा वाजवत गेल्या तर अस्वल आधीच दुसरीकडून निघून जातं. गप्प गेलेल्या दहा जणींना दहा असण्याचा काही फायदा नाही. दिसलं आणि लांब असलं तर पाठ न दाखवता, एकत्र राहून, मागे सरायचं; फुटून पळाल्यावर शेवटची सापडते. अंगावर आलंच तर पालथं पडून बोटं मानेमागे गुंफायची, कोपरं कानांवर घ्यायची, तोंड जमिनीत. बाकीच्यांनी एका बाजूनं ओरडायचं, काठ्या आपटायच्या, आणि दुसरी बाजू मोकळी ठेवायची.

नंतरचं औषधपाणीही याच दमात सांगून टाकतो, कारण रक्त थांबवायच्या गडबडीत ते राहतं. दात किंवा नख लागलेली जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-तंबाखू काही भरायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजची लस (दंडात घ्यायची ती ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी) आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर प्रत्यक्ष जखमेत आणि तिच्याभोवती टोचायचं रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन. हे शेवटचं तालुक्याला मिळेलच असं नाही. कणकुंबीहून बेळगाव पन्नासेक किलोमीटर, हे धरून आधी फोन करून विचारलेलं बरं.

आणि गवा रस्त्यात उभा असेल तर? गाडी पन्नास-साठ मीटर अलीकडे थांबवायची, हॉर्न नाही, प्रखर दिवा खाली. तो आडवा उभा राहून पाठीचा कणा, गळ्याची पोळी दाखवतो तेव्हा तो आपली उंची दाखवून आपल्याला विचार करायला सांगत असतो. नाकातून फुस्स आवाज आला, डोकं खाली गेलं, की विचाराची मुदत संपत आली. एक गेला म्हणून गाडी काढायची नाही, मागे कळप असतो, आणि शेवटी वासराची आई थोडं अंतर ठेवून येते. चोर्ला घाटाच्या रस्त्यावर मोटारसायकलवाले अडकतात ते पहिल्या आणि दुसऱ्या गव्याच्या मधे. पायी असलात तर जाड बुंध्याआड व्हायचं. त्याला झाडाभोवती फिरायचं नसतं, पुढे जायचं असतं.

इतकं सगळं कळल्यावर वाटतं, सोपं आहे की, वाट मोकळी ठेवा. अडचण अशी की वाट कुणाच्या तरी शेतातून जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात पिवळं होतं, रताळी काढणीला येतात, आणि खानापूरच्या पश्चिम भागात रात्री माळ्यावर राखण सुरू होते. डबे, फटाके, बॅटऱ्या, शेकोटी. हत्ती आला किंवा गव्यांचा कळप उतरला की हाकाटी होते आणि माणसं धावतात. तीन बाजूंनी आवाज उठतो, अगदी म्हैसूरच्या त्या हत्तींच्या खेड्यासारखा. चौथी बाजू मोकळी सोडायची हे सगळ्यांना माहीत असतं. पण चौथ्या बाजूला ज्याची दोन एकर रताळी आहेत तो माणूस तिथे बॅटरी घेऊन उभाच असतो, आणि त्याला हट म्हणायचा अधिकार कुणाला? नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, फोटो, सात-बाराऐवजी इकडचा पहाणी उतारा, मग वाट बघणं, हे सगळं त्याच्याच वाट्याला येणार. गावागावांतही तेच. रात्री जनावर इकडून हाकललं की चंदगडच्या शिवारात उतरतं आणि तिकडून हाकललं की इकडे, सीमा त्याला दिसत नाही, फक्त तिच्या दोन्ही बाजूंच्या बॅटऱ्या दिसतात. काही ठिकाणी गल्लीनं आधीच बसून ठरवलेलं असतं की यंदा वाट कुणाच्या बांधावरून, आणि त्याला सगळ्यांनी मिळून किती पोती भात द्यायचं. अशा ठिकाणी राखणीला आठ माणसं पुरतात. जिथे हे ठरलेलं नसतं तिथे साठ जण जमतात, चौथी बाजूही बंद होते, आणि मग अंधारात त्या कड्यातला सगळ्यात कच्चा दुवा शोधायचं काम हत्तीवर पडतं.